नानांचा वस्तरा

गेल्या दिवाळीनंतर अण्णांना अर्धांगाचा झटका आला. पंधरा दिवसांनी ते दवाखान्यातून घरी आले, पण उजवा हात निकामी झाला तो झालाच. जेवायला त्यांनी डावा हात वळवून घेतला. आंघोळीला माझी मदत चालू लागली. दाढीला मात्र कुणाला हात लावू देईनात.

"राहू दे रे. आता कोण बघायला येतंय?" एवढेच म्हणत.

नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही या माणसाने दाढी एक दिवस चुकवली नव्हती. मी न्हाव्याला घरी बोलावले, तर अण्णांनी त्याला चहा पाजून परत पाठवले. दाढी करायचे विजेचे मशीन आणले, तर त्याची घरघर त्यांना सोसेना. पांढरे खुंट वाढत गेले आणि अण्णा आरशाकडे बघेनासे झाले.

मार्चमध्ये माळा आवरताना जुन्या ट्रंकेत पत्र्याचा एक डबा सापडला. आत नानांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा वस्तरा होता. नाना भुसावळला रेल्वेत गार्ड होते. पाते तपकिरी गंजाने भरलेले, शिंगाची मूठ कोरडी पडून पांढुरकी झालेली. मी तो भंगारात टाकणारच होतो. पण अण्णांनी डावा हात पुढे केला.

"दे इकडे."

बराच वेळ ते तो नुसता हातात धरून बसले. मग म्हणाले, "गंज निघतो का बघ."

आता ते काम मला टाळता येईना. तेल लावून पाते रात्रभर ठेवले आणि दुसऱ्या दिवसापासून बारीक पॉलिश पेपरने घासू लागलो. पाठीकडून धारेकडे, कधी उलट नाही, नाहीतर बोट गेलेच. चौथ्या दिवशी पात्याच्या बुडाशी अक्षरे उमटली. मुकुट, त्याच्या दोन बाजूंना 'व्ही' आणि 'आर', खाली 'शेफील्ड'. व्ही. आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया. तिची कारकीर्द १८३७ ते १९०१. म्हणजे वस्तरा नानांच्याही आधीचा! अण्णांना विचारले, तर म्हणाले, "कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलेला. पण नानांनी वापरला मात्र जन्मभर."

इंग्लंडमधले शेफील्ड हे चाकू-सुऱ्यांचे जुने गाव. तिथे बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने १७४०च्या सुमारास मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. त्याला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी चांगले पोलाद हवे होते. पुढे त्याच पोलादाचे वस्तरे झाले. जुन्या वस्तऱ्यांचे पाते लाकूड फोडायच्या पाचरीसारखे असे, पाठीला जाड आणि धारेकडे सरळ निमुळते. दोन्ही बाजूंनी आत कोरलेली पातळ पाती नंतर सर्रास झाली. नानांचा वस्तरा पाचरीचा. हातात घेतला की त्याचे वजन लगेच कळते.

गंज निघाला, पण धार? कोपऱ्यावर सायकलच्या चाकावर धार लावणारा येतो, त्याच्याकडे निघालो. वाटेत आमच्या न्हाव्याने अडवले. "साहेब, चाकावर पातं तापेल, निळं पडेल, पोलादाचं पाणी उतरेल. दगडावरच लावा." त्याच्या दुकानात आता जुना वस्तरा नाही. अर्धे ब्लेड अडकवायचा आहे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड. रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा विचार करता तेच योग्य. जुना वस्तरा वापरायचा तर एकाचा एकानेच.

दगड आणले. आधी १००० नंबरचा, मग ४०००, शेवटी ८०००. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, धार पुढे ठेवून पाते सरकवायचे. पाचरीच्या पात्याची दगडाला टेकणारी जागा मोठी, त्यामुळे ते झिजायला फार वेळ घेते. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर वायरिंगची चिकटपट्टी लावली. दाब दिला तर धार बिघडते. आठ दिवस संध्याकाळी हेच चालले होते. अण्णा खुर्चीतून बघत असत.

शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते फिरवायला घेतले आणि पहिल्याच ओढीत पट्ट्याला चीर पाडली.

"उलटं करतोयस," अण्णा म्हणाले. "दगडावर धार पुढे, चामड्यावर पाठ पुढे. आण ते टोक इकडे."

त्यांनी पट्ट्याचे टोक डाव्या हातात घट्ट धरले. लहानपणी रोज सकाळी ते नानांसाठी असेच टोक धरून उभे राहत. हे मला तोवर माहीत नव्हते.

पहिली दाढी माझी मीच केली. गरम पाण्याने चेहरा भिजवला, साबणाचा दाट फेस केला, कातडी डाव्या हाताने ताणली आणि पाते साधारण तीस अंशांत तिरपे धरले. हनुवटीखाली कापले. तुरटी चोळली, डोळ्यांत पाणी आले. चूक कळली. मी जोर लावत होतो. पाचरीला जोर लागत नाही, तिचे वजनच पुरते. महिन्याभरात हात बसला.

मग एके दिवशी अण्णा म्हणाले, "आज माझी कर. यानेच."

इतक्या महिन्यांनी त्यांनी आपणहून विचारले आणि मला नाही म्हणावे लागले. त्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांना फोन केला. "उघडं पातं नको. मशीन सगळ्यात बरं, नाहीतर सेफ्टी रेझर, तोही हलक्या हाताने," ते म्हणाले. अण्णांनी तोंड फिरवले. तीन दिवस कामापुरतेच बोलले.

चौथ्या सकाळी मी गरम टॉवेल, ब्रश, वाटी आणि नवे ब्लेड घातलेला सेफ्टी रेझर घेऊन त्यांच्यासमोर बसलो.

"तो कुठंय?"

"गोळ्या चालू आहेत तोवर तो नको, अण्णा."

ते काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी हनुवटी वर केली.

त्यांचा उजवा गाल सैल पडला होता. वस्तऱ्याशी खटपट केली नसती, तर मी तिथे नक्की जोर लावला असता. कातडी ताणली, केस वाढले होते त्याच दिशेने थोडे थोडे घेत गेलो. मी आयुष्यात वडिलांच्या गालाला कधी हात लावला नव्हता, हे त्या वेळी लक्षात आले. गाल नुकत्याच उठलेल्या मुलासारखा ऊबदार होता.

टॉवेलने पुसल्यावर त्यांनी आरसा मागितला. डावा हात गालावरून फिरवला.

"कानाखाली राहिलीय."

मी ती काढली.

आता एक दिवसाआड त्यांची दाढी मी करतो. रविवारी माझी, नानांच्या वस्तऱ्याने. नंतर पाते पुसून, तेलाचा थेंब लावून डब्यात ठेवतो. त्याआधी चामड्यावर फिरवताना टोक अण्णा धरतात आणि ओढी मोजतात. पन्नास झाल्याशिवाय सोडत नाहीत.