वायनरीत पोरंबाळं

नाशिकच्या वायनरीत सहकुटुंब जायचं म्हटलं की 'पोरांना घेऊन दारूच्या ठिकाणी?' असा सूर लागतोच. मला तो अर्धाच पटतो. राज्याने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं ते शेतमालाला दुसरी वाट मिळावी म्हणून, आणि गंगापूर धरणाच्या परिसरात आजही आधी दिसते ती शेतीच. वेलीची छाटणी दोनदा, उन्हाळ्यात खरड आणि पावसाळा सरताना गोडी. तोडणी एकदाच, थंडीपासून मार्चपर्यंत. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. खायच्या थॉम्पसनशेजारी ठेवलं की पोरांनाही फरक कळतो. मोठ्यांची गंमत ताटात: शेनिन ब्लांचा आंबूसगोड घोट कोथिंबीरवडीबरोबर खुलतो, तर झणझणीत मिसळीपुढे शिराझ तुरट होऊन जीभ आणखी भाजते. (मिसळीला ताकच बरं.)

आक्षेपातला खरा भाग परतीच्या रस्त्याचा आहे. एकविशीच्या आतल्यांना वाइन द्यायला कायद्यानेच बंदी. पण चार ग्लास 'नुसते चाखून' कसारा घाट उतरणाऱ्या बाबांना कोण अडवणार? चाखून थुंकायची रीत आपल्याकडे कुणी पाळत नाही, पैसे वाया जातात ना! तेव्हा एक तर तिथेच मुक्काम, नाहीतर न पिणारा चालक.