घटीचा हिशेब

फाउंड्री म्हटलं की आपल्याकडे कोल्हापूर आठवतं: शिरोलीची एमआयडीसी, लोखंडाचा रस, काळी वाळू. जळगावचं नाव त्या यादीत कुणी घेत नाही. मूस आणि साचा मात्र या सुवर्णनगरीतही आहेत, फक्त त्यांत ओतायचा माल तोळ्यावर मोजतात.

खानदेशी गिऱ्हाइकाची पहिली पसंती पाटल्या, गोठ, तोडे. हे दागिने पत्र्यातून आणि तारेतून घडतात. इथली राजमल लखीचंदांची सराफी पेढी १८५४ सालची. बाजाराचा कल आजही तोच. धुळ्यात आग्रा रोडवरही मागणी फारशी वेगळी नाही. ओतीव काम लागतं ते अंगठ्या, टॉप्स, पेंडंट अशा एकाच नक्षीच्या अनेक नगांना.

लोखंडाच्या कारखान्यात यंत्र येतं ते तासाला जास्त साचे पडावेत म्हणून. सोन्याच्या कारखान्यात ते घट कमी करायला येतं, असं माझं मत. ज्या धंद्यात दुकानातली धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या पोट भरत आले, तिथे घट म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

ओतीव कामाची सुरुवात मेणापासून होते. इंजेक्टर रबरी साच्यात ठरावीक दाबाने मेण भरतो. निघालेले नमुने एका दांड्यावर चिकटवले की मेणाचं झाड तयार. त्याच्या वजनाच्या अठरा-एकोणीस पट २२ कॅरेट सोनं लागतं. झाडाभोवती जिप्समयुक्त पातळ मिश्रण ओततात. त्यातले बुडबुडे व्हॅक्यूमने काढले नाहीत, तर प्रत्येक बुडबुडा दागिन्यावर सोन्याचा दाणा होऊन बसतो. घट्ट झालेला हा साचा मग भट्टीत जातो; भट्टी रात्रभर टप्प्याटप्प्याने सुमारे ७३० अंशांपर्यंत चढते आणि मेण जळून जातं. ते पुरतं जळलं नाही, तर उरलेला कार्बन आणि जिप्सम यांच्यातून गंधकाचा वायू सुटतो आणि सोन्याला बारीक छिद्रं पडतात. पॉलिशवाल्याच्या हातात गेल्यावरच ती दिसतात.

खरी गोम मात्र मुशीत आहे. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं. बाकी तांबं, चांदी आणि ओतकामाच्या मिश्रणात बऱ्याचदा थोडं जस्त. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आणि ओतण्यासाठी धातू हजाराच्या वर न्यावा लागतो. गॅसच्या ज्योतीवर रंग पाहून अंदाज बांधणारा कारागीर कितीही तयार असो, थोडं जस्त उडतंच. कस उतरत नाही, उलट किंचित चढतो. वजन मात्र कमी भरतं, आणि मालक कारागिराकडे संशयाने पाहू लागतो. इंडक्शनच्या यंत्रात मुशीतच तापमापक असतो, वर आरगॉन वायूचं आवरण, खालून व्हॅक्यूमची ओढ. त्यामुळे तापमान आटोक्यात राहतं आणि धातू बारीक नक्षीतही पोचतो.

झाड बांधायला मात्र अजून हातच लागतो. कुठला नमुना कुठल्या कोनात, किती जाड फांदीवर लावायचा, हे चुकलं तर महागडं यंत्रही पोकळ अंगठी देतं.

आता मेणाऐवजी थ्रीडी प्रिंटरवरचे रेझिनचे नमुनेही वापरात आलेत. रेझिन मेणासारखं वितळून वाहत नाही. तापल्यावर फुगतं, साच्याला तडे पाडतं, मागे राख ठेवतं. त्यामुळे प्रिंटर घेणाऱ्याला भट्टीचं वेळापत्रक नव्याने बसवावं लागतं, कधी साच्याची पावडरही बदलावी लागते. प्रिंटरची किंमत विचारताना हा खर्च बहुतेकांच्या हिशेबात नसतो.