एक गणवेश, एक भोजनगृह

दिल्लीहून पालमच्या वाटेने निघालात की गुरगाव, म्हणजे आजचे गुरुग्राम, लागते. २ ऑक्टोबर १९८२ रोजी मारुतीचा जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि येथील मोटारींच्या कारखान्यात नवलाची चाल आली : सर्वांचा गणवेश एक, भोजनगृह एक, अधिकाऱ्यांनाही बंद खोल्या नाहीत. दारावरच्या शिपायावरून साहेबाची पायरी ओळखणाऱ्या आपल्या लोकांना हे अवघडच गेले असणार! आपले ‘होय साहेब’ तर अनुवादकालाही चकविते. तो होकार, की नुसते ‘ऐकले’? मात्र पंगत एक झाली तरी वेतन एक होत नाही. कंत्राटी कामगारांची ही सल शेजारच्या मानेसर येथील कारखान्यात धुमसत होती. १८ जुलै २०१२ रोजी तेथे उसळलेल्या हिंसाचारात एक वरिष्ठ अधिकारी प्राणास मुकले.