रात्री भिजवलेली न्याहारी

मार्च लागला की आमची शाळा सकाळची होते. वर्ध्याचं ऊन ज्याने अंगावर घेतलं आहे, त्याला कारण सांगायला नको. एप्रिलच्या शेवटाला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि तशा दुपारी पत्र्याखाली लेकरं बसवणं कुणाच्याच जिवाला पटत नाही. म्हणून सातला प्रार्थना. मी वर्ध्यात राहते आणि शाळा देवळी तालुक्यातल्या एका गावात, स्कूटीने पाऊण तासावर. सहाच्या आत घर सोडावं लागतं. त्याआधी दोन डबे, नळाचं पाणी भरणं, सासूबाईंचा चहा आणि त्यांच्या गोळ्या. या सगळ्यात माझं खाणं कधी सुटलं, ते मला कळलंसुद्धा नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये प्रार्थनेला उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. झेंड्याच्या खांबाला धरून मी खाली बसले. चौथीतल्या एका पोरीने पाणी आणलं, सोबतच्या मॅडमनी गुळाचा खडा तोंडात दिला आणि विचारलं, "काही खाऊन आल्या होत्या का?" चहा, एवढंच माझं उत्तर. थोड्या वेळाने वर्गात गेले आणि तोच प्रश्न मुलांना विचारला. खाऊन आलेल्यांनी हात वर करा म्हटलं, तर निम्मेही हात वर झाले नाहीत. कुणी चहा-टोस्ट सांगितलं, कुणी नुसता चहा. एक जण म्हणाला, "माय वावरात गेली होती, मॅडम." शाळेतली खिचडी मिळेपर्यंत ती लेकरं तशीच पाढे म्हणत होती. त्या दिवसापासून सकाळच्या खाण्याचा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही.

रात्री भिजवून ठेवायच्या ओट्सची गोष्ट मला पुण्यात वसतिगृहात राहणाऱ्या भाचीने सांगितली. "मामी, रात्री पाच मिनिटं दे, सकाळी झाकण उघड आणि खा." मी दुकानातून हाताला लागलं ते पाकीट आणलं. ते मसाला ओट्सचं, झटपट शिजणारं होतं. दुधात घातलं आणि सकाळी वाटीत खळ तयार. पुढच्या वेळी पाकिटावरचं सगळं नीट वाचलं. अखंड दाणा चपटा केलेले, म्हणजे रोल्ड ओट्स पाहिजेत. झटपट प्रकारात दाणा बारीक तुकडे करून पातळ लाटलेला असतो, म्हणून त्याचा लगदा होतो. स्टील कट म्हणून मिळतात ते दाण्याचे जाड तुकडे. ते आठ तास भिजूनही दाताखाली कचकचतात.

जमलं ते असं. अर्धी वाटी ओट्स, अर्धी वाटी दूध, पाव वाटी घट्ट दही, चिमूटभर मीठ, चमचाभर किसलेला गूळ. दूध गोरस भांडारचं, गाईचं; दही घरी विरजलेलं. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात कालवायचं आणि फ्रीजमध्ये सरकवून द्यायचं. भाचीने चिया टाक म्हटलं होतं. त्याऐवजी मी जवस घेतलं. विदर्भात जवसाची चटणी नसलेलं घर शोधावं लागेल, मग दुसरं बी विकत कशाला आणायचं? जवस कोरडं भाजलं की तडतडतं. गार करून भरड कुटायचं. अख्खं टाकलं तर पोटातून तसंच निघून जातं. कुटलेलं जवस ओलाव्यात बुळबुळीत होतं आणि सगळं कालवण सकाळपर्यंत धरून ठेवतं. वर मूठभर भाजलेले शेंगदाणे, पण ते सकाळी, नाहीतर मऊ पडतात. केळंही सकाळीच चिरायचं. रात्री टाकलं तर काळं पडतं.

हा प्रकार मुळात फळांचा आहे, हे मला नंतर समजलं. १९०० च्या सुमाराला झुरिकच्या बिर्खर-बेनर नावाच्या डॉक्टरांनी तो आपल्या रुग्णांसाठी सुरू केला. त्यात ओट्स फक्त चमचाभर, बारा तास पाण्यात भिजवलेले. बाकी बहुतेक किसलेलं सफरचंद, वर लिंबाचा रस आणि बदाम किंवा हेझलनटचा कूट. आज पाकिटावरच्या चित्रात मात्र वाटीभर ओट्स आणि वर दोन फोडी दिसतात. हे वाचल्यापासून मी फळ वाढवलं. आमच्या आर्वी-कारंजाच्या पट्ट्यातला मृग बहाराचा संत्रा मार्चमध्ये बाजारात असतो. त्याच्या सोललेल्या फोडी दह्यातल्या ओट्समध्ये फार छान लागतात. फक्त मग दूध घालायचं नाही, सगळं दहीच.

महिनाभर नेमाने चाललं. साडेपाचला डबा काढायचा, पायरीवर बसून दहा मिनिटांत खायचं. अकरापर्यंत पोटाला आठवण होत नसे. ओट्समधला जो तंतू भिजून चिकट होतो तो पोटात हळू सरकतो, म्हणून भूक लवकर लागत नाही. हे मी अंगावरून सांगते. प्रार्थनेला उभी राहताना पाय घट्ट वाटायचे. पंधरा-वीस मिनिटं कुणाचीही घाई नसलेली सकाळ मला कितीतरी वर्षांनी मिळाली, आणि तिची किंमत ज्या बाईने पहाटे चारपासून ओटा सोडलेला नाही तिलाच कळेल.

मग मेच्या तोंडाशी एका रात्री लाईन गेली, ती पहाटेपर्यंत आली नाही. वर्ध्यात तेव्हा रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर ती गरम लागते. सकाळी डबा उघडला तर दूध फाटून आंबूस वास येत होता. मी तो ओतून दिला. सासूबाई बाजूलाच बसून होत्या. त्यांचं माहेर आर्वीकडचं. म्हणाल्या, "दूध कायले टाकतं वं? ताक टाक न. ताक तं अगुदरच आंबलेलं रायते, ते अजून काय नासन?"

सासूबाई आंबिलीविषयी बोलत होत्या. शहरात आता आंबील महालक्ष्म्यांच्या नैवेद्यापुरती उरली आहे. सोळा भाज्यांच्या सोबत वाटीभर, तेही चवीपुरतं. त्यांच्या लहानपणी उन्हाळाभर रोज पहाटे आंबील असायची. रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून गंज झाकून ठेवायचा, पहाटे ते कालवण उकळत्या पाण्यात ओतून शिजवायचं, लसूण-जिऱ्याचं वाटण घालायचं आणि वावरात जाणाऱ्याने पेलाभर पिऊन निघायचं. फ्रीज नव्हता आणि लागतही नव्हता.

मला वाटलं, मग ज्वारीलाच ओट्ससारखं का करू नये? ज्वारीचं पीठ रात्री दह्यात भिजवलं, गूळ घातला आणि सकाळी न शिजवता खाल्लं. चव कच्ची, आणि दुपारपर्यंत पोट फुगून दुखत राहिलं. चूक कुठे झाली ते शोधायला दोन दिवस लागले. कारखान्यात ओट्सचं टरफल काढलं की दाणा वाफवतात आणि मग रुळाखाली चपटा करतात. ओट्समध्ये चरबी जास्त असते; ही उष्णता दिली नाही तर ती खवट होते. म्हणजे आपण ज्याला न शिजवलेलं म्हणतो ते अर्धं शिजूनच घरी येतं, भिजणं तेवढं बाकी असतं. जात्यावरून किंवा चक्कीवरून आलेलं ज्वारीचं पीठ मात्र पूर्ण कच्चं. त्याला आग लागतेच. सासूबाईंच्या आंबिलीत ती होती. मी ती वगळली.

यावर मला गांधीजी आठवले, आणि वर्ध्यात राहून ते आठवणार नाहीत तर कोण? दरवर्षी मुलांना सेवाग्रामला सहलीला नेते, बापूकुटीत बसवते. ३० एप्रिल १९३६ ला, ऐन उन्हाळ्यात, ते शेगावला आले. त्याच शेगावचं पुढे सेवाग्राम झालं. मुलांना त्यांच्या खाण्याविषयी सांगितलं की फार मन लावून ऐकतात. लंडनला शिकत असताना ते खर्च वाचवायला आपल्या खोलीत सकाळी ओट्सची लापशी आणि कोको करून घेत. वीसेक मिनिटांत सगळं आटपे, असं त्यांनी ‘सत्याचे प्रयोग’मध्ये नोंदवलं आहे. पुढे १८९३ च्या ऑगस्टमध्ये प्रिटोरियात त्यांनी आग न लावता खायचा प्रयोग केला. गहू, वाटाणे, तांदूळ रात्री भिजवायचे आणि सकाळी मनुका, दाणे, संत्री यांच्याबरोबर चावून चावून खायचे. शरीराला ते झेपेना, तेव्हा थोड्याच दिवसांत त्यांनी तो सोडला आणि काय काय त्रास झाला ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. ज्या माणसाने ओट्स शिजवूनही पाहिले आणि कच्चं धान्य भिजवूनही पाहिलं, त्याची ती नोंद मी माझ्या दुखऱ्या पोटानंतर नव्याने समजून घेतली. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीनचेही प्रयोग करवले होते. आज आमच्या जिल्ह्यात नजर जाईल तिथवर सोयाबीन पेरलेलं असतं, पण ते सगळं बाजारात जातं; आणि ज्वारी, जी घरात राहायची, ती वावरातून मागे हटत गेली. याची मला मनापासून खंत आहे.

तोड निघाली ती ज्वारीच्या पोह्यांत. बचतगटाच्या एका बाईंनी ते मला दिले. यात ज्वारीला आधी भिजवून आच दिलेली असते आणि मग ती दाबून चपटी केलेली. म्हणजे ओट्सवर जे होतं तेच. एकदा पाण्याने धुवायचे, दुप्पट पातळ दह्यात कालवायचे, मीठ, जवसाचा कूट, हवी तर हिरवी मिरची आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. सकाळी दाणा मऊ, पण विरघळलेला नाही. ओट्सपेक्षा चावायला थोडा जास्त, चवीला आपला. गोड पाहिजे तर गूळ आणि केळं. आता आठवड्यातले दोन दिवस ओट्स, चार दिवस ज्वारीचे पोहे, आणि लाईन जायची लक्षणं दिसली की आंबील. सासूबाईंना दात कमी आहेत, म्हणून त्यांच्यासाठी आंबीलच रोज.

मागच्या वर्षी पालकसभेत मी हे सांगितलं. ओट्सचं नाव काढलं नाही. गावातल्या किराण्यात ते मिळत नाहीत, आणि मजुरीला जाणाऱ्या मायेने ते विकत घ्यावेत असं मी म्हणणार नाही. आंबिलीविषयी बोलले. माहिती सगळ्यांना होती. करत मात्र एक-दोघीच होत्या. एक जण म्हणाली, "लेकरं आंबट पीत नाहीत, मॅडम." तिला गूळ घालायला सांगितलं. सभेच्या पुढच्या आठवड्यात तिचाच मुलगा वर्गात येऊन म्हणाला, "मॅडम, मी आज आंबील पिऊन आलो," आणि हात वर करून उभा राहिला, मी अजून विचारलंही नव्हतं.

माझी विनंती सकाळच्या शाळेला लेकरू पाठवणाऱ्या प्रत्येक घराला आहे, आणि स्वतः उपाशी निघणाऱ्या माझ्या शिक्षक बहिणींनाही. फ्रीज असेल तर ओट्स किंवा ज्वारीचे पोहे दह्यात कालवून ठेवा. फ्रीज नसेल तर दुधाच्या वाटेला जाऊ नका. माणशी दोन चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवा आणि सकाळी पेलाभर उकळत्या मिठाच्या पाण्यात ओतून सात-आठ मिनिटं ढवळत शिजवा. रात्रीचं काम पाच मिनिटांचं आहे. यंदाही मार्चमध्ये शाळा सातलाच भरणार आहे. तेव्हा लेकराला नुसत्या चहावर पाठवू नका.