पुढच्याचं पाऊल

"आरं, पाठीवर वझं घ्यायचं, डोंगूर चढायचा, अन् वर पैसं बी आपुनच भरायचं? तुजा बाप ह्येच करत व्हता. त्याला रोज तरी मिळायचा."

आईचं गणित बिनचूक होतं. बाप वाडीबंदरला हमाल. आजाने गावकीची वेठ केली. पाटलाचं, फौजदाराचं सामान या गावातून त्या गावात नेऊन टाकायचं. कायदा 1958 सालचा, तेव्हा कुठे महार वतन गेलं. म्हणजे आमच्या घरात ओझं ही हौशीची गोष्ट कधीच नव्हती. मी पहिलाच, ज्याने सॅक विकत घेतली. चांगली महागाची. आईने ती हातात धरून जोखली आणि म्हणाली, "पट्टं बरं हायती. तुज्या बापाला आसलं पट्टं मिळालं आस्तं तर खांदं सोललं नसतं."

2015 च्या मे महिन्यात आम्ही ऑफिसातले चौदाजण कुलूला गेलो. तिथून नग्गर, नग्गरवरून रूमसू, मग वर चंद्रखणीची खिंड आणि पलीकडे उतरून मलाणा. खिंड सुमारे 3,660 मीटर. आपलं कळसूबाई 1,646. म्हणजे कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवून वर थोडं उरतंच.

दोस्तहो, मे महिन्यातला बर्फ सिनेमातल्यासारखा नसतो. कापूसबिपूस काही नाही. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, असं महिना-दोन महिने झालं की तो खडेमिठासारखा दाणेदार होतो. वर धूळ, देवदाराचा पाला, मेंढरांच्या लेंड्या. उन्हाच्या अंगाला गवत उघडं पडलेलं, बुरांशची लाल फुलं गळत आलेली, आणि सावलीच्या अंगाला मात्र बर्फ हटून बसलेला. पहाटे पत्र्यासारखा कडक, पाय घसरतो. दुपारी भुसभुशीत, मांडीपर्यंत पाय आत. मोठ्या दगडाभोवतीचा बर्फ आधी वितळतो आणि खाली पोकळी राहते. वरून काही कळत नाही. कुठे खालून ओढा वाहत असतो, नुसता आवाज येतो. म्हणून पहाटे चारला निघायचं, बर्फ कडक आहे तोवर खिंड गाठायची.

अशा बर्फात वाट नसते. जो पुढे चालतो तो वाट करतो. बुटाचं टोक बर्फात ठोकायचं, खळगा पडला की त्यात वजन टाकायचं, मग दुसरा पाय. मागच्यांनी त्याच खळग्यात पाऊल टाकायचं. इकडेतिकडे टाकलं की संपलं.

आमच्यापुढे चालत होता खालच्या एका गावातला पोरगा. बावीस-तेवीसचा असेल. त्याच्या पाठीवर तंबू, भांडी, रॉकेल. आमच्या सगळ्यांच्या पायात बूट, डोळ्याला काळे चष्मे. त्याच्या पायात रबरी बूट, डोळ्याला काही नाही. बर्फावरचं ऊन डोळे जाळतं, म्हणून तो कपाळावर फडकं पुढे ओढून चालत होता. दर दहा पावलांनी मागे वळून सांगायचा, "मेरे पैर पे पैर रखना, भाईजी."

आणि चौदाही माणसं ठेवत होती. त्यात सगळे आले. घरी सोवळं पाळणारे होते, आडनावावरून माणूस ओळखणारे होते, माझ्या प्रमोशनच्या वेळी तोंड आंबट करणारेही होते. एकानेही विचारलं नाही, हे पाऊल कुणाचं.

मला मात्र आदल्या रात्रीच कळलं होतं. चुलीशी बसलो असताना त्याने आडनाव विचारलं. डोंगरातही विचारतातच. मी म्हटलं, "जय भीमवाले." तो हसला. मग हळूच म्हणाला, "देवता की पालकी के आगे ढोल हमारे लोग बजाते हैं. मंदिर के अंदर नहीं जाते." पुढे काही सांगावं लागलं नाही. आमच्याकडे हलगी कोण वाजवतं आणि देवळाबाहेर कोण थांबतं, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "एक ही बात है."

मीही त्याला एक गोष्ट सांगितली. कुमाऊँच्या डोंगरातली. तिथे साहेबाचं सामान फुकट वाहायची बेगार होती. गावागावात तिची रजिस्टरं असायची, कुणाची पाळी कधी ते लिहिलेली. 1921 च्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या जत्रेत लोकांनी ती रजिस्टरं सरयू नदीत बुडवली. पोरगा ऐकत राहिला. मग म्हणाला, "अच्छा किया."

पहाटे त्या खळग्यांमधून चढताना माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. पेशवाईत पुण्यात आपल्या माणसाच्या कमरेला झाडू बांधलेला असायचा. चालता चालता आपलंच पाऊल आपणच पुसायचं. का, तर मागून येणाऱ्या सवर्णाचा पाय त्यावर पडला तर तो बाटेल. बाबासाहेबांनी 1936 साली हे लिहून ठेवलंय, लाहोरसाठी तयार केलेल्या आणि तिथे होऊ न दिलेल्या भाषणात. इथे त्याच पावलासाठी चौदाजण डोळे फाडून बघत होते. ते पुसलं असतं तर एखादा ओढ्यात गेला असता. माणूस मरायला लागला की विटाळ कुठे जातो, कुणी सांगेल का?

दुसऱ्या दिवशी उतरून मलाण्यात आलो. हे गाव जमलू देवाचं. त्यांची पंचायत त्यांची, कनाशी ही भाषाही आसपासच्या भाषांहून वेगळी. बाहेरच्या माणसाने तिथल्या देवळाला, घराच्या भिंतीला हात लावायचा नाही. नेमून दिलेल्या वाटेनेच चालायचं. शिवलात तर दंड. पूर्वी मेंढरू द्यावं लागे, आता नोटा. तसा बोर्डच आहे. दुकानात बिस्किटाचा पुडा मागितला तर दुकानदाराने तो खाली ठेवला. पैसेही खालीच ठेवायचे.

आमच्यातला एक एकदम पेटला. "ही काय पद्धत झाली? माणसासारखी माणसं आपण!" दुसरा भिंतीपासून अंग चोरून, दोन्ही हात छातीशी धरून चालत होता. त्या चालीची मला ओळख होती. आजा पाटलाच्या वाड्यासमोरून असाच चालायचा, आई सांगते.

मजा वाटली का? खोटं कशाला बोलू, थोडी वाटली. पण टिकली नाही. कारण तासाभरात गाव संपलं, खाली रस्त्यावर जीप उभी होती, आणि जीपमध्ये बसल्याबरोबर ते पुन्हा ज्याच्या त्याच्या जातीचे झाले. जरीला चहा पिताना त्याचे जोकही झाले. जो पेटला होता तोच सर्वांत मोठ्याने हसला. त्याला तो विटाळ तासाभरासाठी लागला होता. आजाला उतरायला जीप नव्हती.

पोरगा मजुरी घेऊन परत वर निघाला. दुसरी बॅच यायची होती. आदल्या दिवशीच्या खळग्यांबद्दल मी विचारलं, ते राहतील का? म्हणाला, राहतील. पायाने दाबलेला बर्फ आजूबाजूच्या बर्फापेक्षा उशिरा वितळतो. भोवतीचा बर्फ बसतो आणि पावलं उंच उठून दिसतात.

आपल्या पोरापोरींनी डोंगरात जावं. बर्फ काही कुणाच्या बापाचा नाही. ओझं आपल्या हौसेने उचलून बघावं, बापाला काय वाटत असेल ते खांद्याला कळतं. आणि पुढे चालणाऱ्याला त्याचं नाव विचारावं, मजुरी किती मिळते ते विचारावं, पायात काय आहे ते बघावं. मागे चालणाऱ्याने एवढं तरी करावं.