चार दिवसांची बॅग

इचलकरंजीच्या त्या घरात कापडाची वाण कधीच नव्हती. तीन पिढ्यांचा कापडाचा व्यापार. तळमजल्यावर दुकान, वर बिऱ्हाड. तरीही पॅरिसला जाण्याचे निश्चित झाल्यापासून घरच्या सुनेला एकच चिंता लागून राहिली होती : घालायचे काय?

लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने पतीने एप्रिलअखेरीस चार रात्रींचा बेत आखला होता. व्हिसा हाती आला आणि दुसऱ्याच दिवशी ती लेकीला घेऊन पुण्यास गेली. परतताना मोटारीत सात पिशव्या होत्या. तंग बसणारे लांब पोशाख, चकाकणारे जॅकेट, उंच टाचांच्या चपला. विक्रेतीने चामड्याचे बूटही पुढे केले होते. घरात चामडे वापरत नसल्यामुळे तेवढे टळले.

एवढ्या खरेदीमागे एक जुने छायाचित्र होते. आठ वर्षांपूर्वी सिंगापूरला काढलेले. त्यात ती भरजरी पंजाबी पोशाखात उभी होती. खाली पांढरे खेळाचे बूट, खांद्यावर फुगलेली पिशवी, चेहऱ्यावर घाम. शेजारी उभी असलेली एका व्यापाऱ्याची पत्नी साध्या पांढऱ्या सदऱ्यात होती. "प्रवासात सोयीचे असले म्हणजे झाले," असे ती हसून म्हणाली होती. बोलण्यात दोष काढता येण्याजोगे काही नव्हते. तरीही ते छायाचित्र घरी कोणालाच दाखवले गेले नाही. या खेपेस तसे होऊ द्यायचे नाही, असे तिने मनाशी ठरवले होते.

निघण्यास आठवडा उरला असताना पलंगावर दोन मोठ्या बॅगा उघड्या पडल्या होत्या. चार दिवसांसाठी चौदा पोशाख. लेकीच्या आग्रहावरून तिने एकेक घालून पाहिला. "आई, छान दिसतेस," लेक म्हणत होती. आरशातही वाईट दिसत नव्हते. पण थकून ती खुर्चीत टेकली आणि लगेच उठली. त्या पोशाखात उभे राहता येत होते. बसता येत नव्हते.

तेवढ्यात मामंजी चहासाठी वर आले. दुकानाच्या गादीवर बसणे त्यांनी सोडले होते, तरी कापड दिसले की बोटे आपोआप पुढे होत. जॅकेटची कड त्यांनी अंगठा व तर्जनी यांमध्ये धरून पाहिली.

"सूनबाई, हे सगळे पॉलिएस्टर. श्वास घेणार नाही. हे कोणासाठी घेतलेस?"

"तिकडे सगळे असेच घालत असतील, मामंजी. आपण वेगळे दिसायला नको."

मामंजी खुर्ची ओढून बसले. कापडाच्या इतिहासावरची पुस्तके वाचण्याचा त्यांना जुना नाद. "त्या पॅरिसची एक गोष्ट सांगतो," ते म्हणाले. सतराव्या शतकात आपल्याकडील छापील सुती कापड फ्रान्समध्ये पोहोचले. रंग पक्के, धुतले तरी न उतरणारे, अंगाला हलके. श्रीमंतांपासून सामान्यांपर्यंत सर्वांना त्याचे वेड लागले. तेथील रेशीम व लोकर विणणारे हवालदिल झाले आणि १६८६ साली राजाने बंदी घातली. माल आणायचा नाही, तसा छापायचाही नाही. पुढे तर ते अंगावर घालण्यासही मनाई झाली. तरी चोरून येतच राहिले. अखेर १७५९ साली बंदी उठली, आणि पुढच्याच वर्षी ओबरकाम्फ नावाच्या गृहस्थाने पॅरिसजवळच्या जुई या गावी छपाईचा कारखाना काढला. तेथील कापड पुढे जगभर गाजले.

"त्र्याहत्तर वर्षांची बंदी, सूनबाई! व्यापाऱ्याच्या घरात राहून हे विसरू नये. गिऱ्हाईक भारी माल मागत नाही. आपल्याला शोभेल असा मागते."

ते खाली गेले आणि मच्छलीपट्टणमच्या कलमकारीचा एक तागा घेऊन आले. मंजिष्ठी लाल आणि नीळ, मध्ये बारीक वेल. अडीच मीटर फाडून त्यांनी तो तुकडा सुनेच्या हाती दिला. शिंप्याने चार दिवसांत त्याचे गुडघ्याच्या वर येणारे, आत अस्तर असलेले जॅकेट शिवून दिले.

मग बॅग नव्याने भरली गेली. आधी रंग ठरले : गडद निळा, राखाडी आणि दुधी. दोन विजारी, चार सदरे. प्रत्येक सदरा दोन्ही विजारींवर शोभलाच पाहिजे, म्हणजे आठ जोड होतात. एक लोकरी स्वेटर, एक पातळ पावसाळी जॅकेट, कारण त्या दिवसांत पॅरिसमध्ये दुपारी पंधरा-सोळा अंश आणि सर मध्येच येणारी. एक मऊ ओढणी, जी थंडीत गळ्याभोवती आणि देवालयात खांद्यांवर येते. शेवटच्या संध्याकाळसाठी एक सुती साडी. कापडी बुटांचे दोनच जोड, तेही आठवडाभर घरात घालून पायांत रुळवलेले. प्रत्येक कपडा तिने जिना चढून, खाली बसून, हात वर करून पारखला. जो अडला तो राहिला.

जाड ते अंगावर घालायचे, विणीचे गुंडाळून ठेवायचे, सुती कपड्यांच्या घड्यांमध्ये दुकानातील पातळ कागद घालायचा, मोजे बुटांत भरायचे. एक पूर्ण जोड हातातल्या पिशवीत, कारण मोठी बॅग मागे राहू शकते. सासूबाईंनी दिलेले खाकरे, मेतकूट आणि लाडू यांनाही जागा झाली. दुकानाच्या काट्यावर बॅग बारा किलो भरली. एकच बॅग. पुण्याचे बहुतेक कपडे पिशव्यांसह परत गेले.

या शहाणपणाची प्रचिती पहिल्याच संध्याकाळी आली. पॅरिसची मेट्रो १९०० सालची. जुन्या स्थानकांत बहुधा जिनेच. दोन जड बॅगा घेतलेली माणसे मध्येच थांबून श्वास घेत होती. दुसऱ्या दिवशी मोंमार्त्रच्या पायऱ्यांवर पाऊस आला, तेव्हा तिने जॅकेट चढवले आणि चालत राहिली. चार दिवसांत तिच्याकडे कोणी वळून पाहिले नाही, हसले नाही, कौतुकही केले नाही. सिंगापूरला तिचे अर्धे लक्ष स्वतःच्या कपड्यांवर होते. येथे ते पूर्ण शहरावर होते. नदीवरचा प्रकाश, पावाच्या दुकानांतील लगबग, बागेत बसलेले म्हातारे जोडपे हे सारे तिला दिसले.

तिसऱ्या दिवशी दोघे जुईच्या वस्त्रसंग्रहालयात गेले. काचेआडच्या जुन्या छापील सुती कापडावर वेल होती, आणि तिच्या जॅकेटवरही. पतीने छायाचित्र काढले. ते तिने स्वतःच घरच्या सर्वांना पाठवले.

लेकीने लाल बदाम पाठवला. मामंजींचे उत्तर रात्री आले : "जॅकेट बरे बसले. काचेतल्या कापडाचा पन्हा किती होता?"