हा कागद बोटांत धरून बघ

चि. बाळीस,


ताईचा फोन आला होता. गोळ्यांचं बाराव्या महिन्याचं पाकीट संपलं, कार्डावर उपचार पूर्ण झाल्याची नोंद झाली, आणि तरीही तू रात्री आरशासमोर उभी असतेस म्हणे. फोनवर तू ‘बरी आहे’ यापलीकडे बोलणार नाहीस, म्हणून लिहिते. १९ वर्षांपूर्वी त्याच गोळ्या मीही घेतल्या आहेत. तेव्हा तुम्हा मुलांना ‘मावशीला रक्तदोष झालाय’ एवढंच सांगितलं होतं. तो कुष्ठरोगच होता.

आधी रंगाचं. अंगावर चढलेला काळपट-तांबूस रंग रोगाचा नाही, त्यातल्या क्लोफाझिमिन या गोळीचा आहे. गोळी बंद झाली की हळूहळू उतरतो. माझा उतरायला वर्ष गेलं. चट्टा पुसटसा दिसत राहिला तर राहू दे. बाळाला जवळ घ्यायला घाबरतेस हे ऐकून मात्र मला रडू आलं. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत संसर्ग थांबतो, तुझ्या तर संपल्यासुद्धा. आणि हा रोग आईच्या रक्तातून लेकरात उतरत नाही. घे त्याला. सासरी कुणी वाकडं बोललंच तर सांग, कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ साली कायद्यातून काढून टाकलंय.

पण बाळे, काळजी करायचीच तर हाताची कर. या रोगाचे जंतू कातडीत राहतात तसे शिरांतही, म्हणजे मज्जातंतूंतही, शिरतात. कोपराच्या हाडामागून करंगळीकडे जाते ना, त्या शिरेत तर फार. गोळी जंतू मारते, मेलेली शीर जिवंत करत नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि ‘बरी झालीस’ एवढंच माझ्या कानांनी ऐकलं असेल. त्याआधी, चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून ‘शिबं असेल’ म्हणत मी दोन वर्षं घालवली होती.

उपचार संपल्यावर चारेक महिन्यांनी भाकऱ्या करत होते. जळका वास आला म्हणून भाकरी उलटून पाहिली. भाकरी चांगली होती. तव्याच्या कडेला टेकलेली माझी करंगळी जळत होती.

जखम चिघळली, भरायला तीन महिने लागले, बोट वाकडं झालं ते झालंच. या रोगात बोटं झडतात म्हणतात. ती आपोआप झडत नाहीत गं. भाजतात, कापतात, सडतात, कारण जिची बोटं तिलाच पत्ता लागत नाही.

म्हणून रोज रात्री दिव्याखाली हातपाय नीट बघायचे, तळव्यांसकट. वीसेक मिनिटं साध्या पाण्यात बुडवून ओल्या कातडीवरच तेल चोळायचं. पाय बधिर असेल तर दवाखान्यातून मऊ रबराची एमसीआर चप्पल घ्यायची. सेवाग्रामला आजोबांनी आपल्याला परचुरेशास्त्रींची कुटी दाखवली होती, आठवते? त्यांनाही हाच रोग होता, आणि गांधीजी त्यांच्या अंगाला स्वतः मालिश करायचे. तेव्हा या गोळ्या नव्हत्या. मी तेल चोळायला बसले की मला ती कुटी आठवते.

आणखी एक. उद्या चट्टा एकाएकी लाल होऊन सुजला, कोपर ठणकायला लागलं, तर रोग उलटला असं समजून लपवू नकोस. बहुतेक वेळा ती रिअॅक्शन असते. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीर चवताळतं. उपचार संपल्यावरही ती येऊ शकते. त्यावर प्रेडनिसोलोन देतात. शीर दुखावल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते मिळालं तर गेलेली ताकद परत येऊ शकते. मी ते सहा महिने लाजेत घालवले.

आता हा कागद दोनदा दुमड. करंगळी आणि शेजारचं बोट सरळ ठेवून त्यांच्या फटीत घट्ट धर, आणि जावईबापूंना ओढायला सांग. दोन्ही हातांनी करून बघ. एखाद्या हातातून सहज निसटला, तर उद्या सकाळीच दवाखान्यात जा. बाळाला सांभाळायला ताईला बोलाव, ती नसेल तर मी येते.

तुझी,
मावशी